पात्र एक, कथा अनेक: मग अभ्यासायचं नक्की काय?

रोलप्लेइंग खेळांवर संशोधन करायचं ठरवलंत, तर गॅरी अ‍ॅलन फाइन यांचं 'शेअर्ड फँटसी' (१९८३) तुमच्या वाचनयादीत येणारच. फाइन समाजशास्त्रज्ञ. स्वतः टेबलाभोवती बसून, खेळून, टिपणं काढून त्यांनी मांडलं की खेळणारा एकाच वेळी तीन चौकटींत वावरतो: रोजच्या जगातला माणूस, नियम जाणणारा खेळाडू आणि कथेतलं पात्र. चौकटीची कल्पना अर्विंग गॉफमन यांची. फाइन यांनी ती खेळाला लावली.

मांडणी आजही कामाची आहे. पण माझी एक तक्रार आहे. ही मांडणी एका टेबलापुरती छान चालते; तेच पात्र उचलून दुसऱ्या कथेत नेलं की ती अडखळते. आणि खेळणारे हे सर्रास करतात. आपण घडवलेलं पात्र एका कथेत संपत नाही, ते पुढच्या कथेत जातं. मग प्रश्न येतो: हे 'तेच' पात्र आहे, हे कशावरून म्हणायचं?

तीन उदाहरणं बघू.

पहिलं 'लिव्हिंग ग्रेहॉक'. २००० ते २००८ या काळात चाललेली ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची सामाईक मोहीम. आज एका टेबलावर खेळलेलं पात्र उद्या दुसऱ्या गावात, अनोळखी लोकांबरोबर खेळता यायचं. त्यासाठी प्रत्येक साहसाची नोंद कागदावर ठेवावी लागे: काय मिळालं, किती अनुभव जमला. इथे पात्राबरोबर हमखास प्रवास करतात ते आकडे. आधीच्या टेबलावर ते कसं बोललं, कुणावर चिडलं, हे नव्या टेबलाला माहीत असायचं काही कारण नाही.

दुसरं 'क्रिटिकल रोल'. ही मंडळी आधी घरगुती खेळात पाथफाइंडरचे नियम वापरत होती. २०१५ मध्ये खेळ प्रेक्षकांसमोर आला तेव्हा डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती घेतली. आता गंमत बघा. पर्सी हे पात्र बंदूकधारी. पाथफाइंडरमध्ये तसा वर्ग तयार होता, नव्या नियमांत नव्हता. मग खेळ चालवणाऱ्या मॅथ्यू मर्सर यांनी त्यासाठी नवे नियम रचले. म्हणजे इथे आकडे बदलले, पण स्वभाव आणि भूतकाळ राखला. पात्रासाठी नियम वाकवले गेले!

तिसरं जपानचं 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर'. १९८६ मध्ये 'कॉम्प्टिक' मासिकात एका खेळाचा संवादरूप वृत्तांत छापून येऊ लागला. खेळ चालवणारे होते र्‍यो मिझुनो. डीडलिट ही एल्फ तरुणी त्यात हिरोशी यामामोटो या लेखकाने खेळली. पुढे १९८८ पासून मिझुनोंनी त्यावर कादंबऱ्या लिहिल्या आणि १९९० मध्ये अ‍ॅनिमे आलं. आता डीडलिट कुणाची? टेबलावर तिला बोलतं करणाऱ्याची, की तिला कादंबरीत उतरवणाऱ्याची? फाइन यांच्या तीन चौकटी इथे अपुऱ्या पडतात, कारण खेळाडू निघून गेला तरी पात्र शिल्लक राहिलं.

माझं म्हणणं असं: पात्र कथा बदलतं तेव्हा तीन गोष्टी वेगवेगळ्या प्रवास करतात. आकडे, आठवणी आणि आवाज. पहिल्या उदाहरणात आकडे टिकतात, दुसऱ्यात आठवणी आणि आवाज. तिसऱ्यात आवाज टिकतो खरा, पण दुसऱ्याच्या हातात जातो. 'तेच पात्र' असं म्हणताना यातलं काय टिकलंय हे सांगितलं नाही, तर विधान हवेत राहतं.

समीक्षेसाठीही याचा उपयोग होतो. पुनर्वापर केव्हा फसतो? पात्र आपला सगळा भूतकाळ घेऊन येतं आणि नव्या कथेला काही बदलूच देत नाही तेव्हा. दहा पानी पूर्वकथा असलेला योद्धा नव्या गटात येतो, आपलीच जुनी दुःखं सांगत बसतो, आणि बाकीचे नुसते श्रोते होतात. हा विकास नव्हे, नुसती पुनरावृत्ती. चांगल्या पुनर्वापरात जुनी आठवण नव्या निर्णयाच्या आड येते आणि पात्राला त्यातलं काहीतरी सोडावं लागतं. त्याची खूण पुढच्या कथेत दिसते.

प्रस्ताव लिहिताना म्हणूनच दोन गोष्टी आधी ठरवा. एक, तुमचं साधन काय: पात्रपत्रिका, खेळाचं ध्वनिमुद्रण, छापील वृत्तांत की कादंबरी? यातल्या प्रत्येकात वेगळं पात्र सापडेल. दोन, श्रेय कुणाला देणार? वृत्तांतात खेळाडूचं नाव असतं, कादंबरीच्या मुखपृष्ठावर नसतं. तुम्ही फक्त कादंबरी वाचलीत तर त्या खेळाडूचं काम तुमच्या प्रबंधातूनही पुसलं जाईल. फाइन वाचाच, पण त्यांच्या टेबलावरून उठून पात्राच्या मागे दुसऱ्या टेबलापर्यंत जा. खरा अभ्यास तिथे सुरू होतो.