टॅटू: शब्द एक, क्रिया दोन

टॅटूची बाजू घेताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: शरीर माझं, निर्णय माझा. ते आपण मान्यच करू. पण निर्णय कशाचा घेतोय, हे त्या माणसाला कळलेलं हवं. डोळ्याच्या टॅटूबाबत गफलत होते ती इथेच, आणि तिचं मूळ या एका शब्दात आहे.

कातडीवर गोंदताना सुई वरचा पातळ थर भेदून खालच्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल, शाईचे ठिपके सोडते. तिथल्या रोगप्रतिकारक पेशी ती शाई गिळून जागेवर धरून ठेवतात. म्हणून रेघ ही रेघच राहते. नकोशी झाली तर लेसरने बरीचशी पुसट करता येते.

डोळ्यात रेखाटन नसतंच. पांढऱ्या भागावर पारदर्शक पापुद्रा असतो, त्याखाली इंजेक्शनने शाई सोडतात आणि ती पसरत जाते. किती पसरेल, हे करणाऱ्याच्या पूर्ण हातात नसतं. खालची पांढरी भिंत, म्हणजे श्वेतपटल, जेमतेम मिलिमीटरभर जाड. काही ठिकाणी त्याच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढी. हात किंचित दाबला गेला की सुई थेट डोळ्याच्या आत. मग दाह, संसर्ग, प्रसंगी दृष्टीच जाणं. लेसरने पुसायची सोयही इथे नाही.

समर्थक इतिहास पुढे करतात: डॉक्टरसुद्धा डोळा गोंदत आलेत ना? खरं आहे. १८६९ मध्ये लुई द वेकर या नेत्रवैद्याने डोळ्यात पडलेलं पांढरं फूल काळ्या शाईने झाकलं होतं. पण तो आजाराने आलेला डाग होता, तेवढ्या जागेची पारदर्शकता आधीच गेलेली. निरोगी डोळ्याच्या पांढऱ्यात हौसेने रंग भरणं २००७च्या सुमारास सुरू झालं. या दोन्ही गोष्टी एकाच परंपरेत बसवायच्या, तर डाग आणि निरोगी डोळा यांतला फरकच पुसावा लागतो.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचं उदाहरण बघा. तिथे कातडीवरचा टॅटू २००६ साली कायदेशीर झाला आणि २००९ साली डोळ्यावरच्या टॅटूला बंदी आली. टॅटूच्या विरोधकांचा हा विजय होता असं आपण म्हणू शकत नाही, कारण कातडीवरची परवानगी कायम राहिली. कायद्याने दोन क्रिया वेगळ्या ओळखल्या, इतकंच.

आपल्या बोलण्यातही तो फरक यायला हवा. ‘डोळ्यावर टॅटू काढतोय’ असं कुणी म्हणालं, तर आपण विचारू या: काढतोयस, की डोळ्यात शाई टोचून घेतोयस? निर्णय त्याचाच. पण तो खऱ्या प्रश्नाचं उत्तर असावा.