आंधळ्या घड्याळजीचा हिशेब

उत्क्रांतीचा पाठ शिकवून झाला की वर्गात एक प्रश्न हटकून येतो. "डोळ्यासारखी नाजूक वस्तू आपोआप कशी काय तयार होईल?" विचारणारा मुलगा खोडसाळ नसतो. बहुधा तो वर्गातला विचार करणारा मुलगा असतो. आणि आपण शिक्षक घाईघाईने "निसर्गाच्या निवडीने" एवढे उत्तर देऊन पुढच्या मुद्द्याकडे वळतो, कारण परीक्षेत तेवढेच विचारले जाते. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलेच प्रकरण आहे. उलट राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या (एनसीईआरटीच्या) दहावीच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग गळाला, तेव्हा देशभरातल्या वैज्ञानिकांनी निषेध केला. अशा वेळी ज्यांच्या हाती हे प्रकरण अजून आहे, त्यांनी त्या मुलाला नीट उत्तर द्यायला हवे.

रिचर्ड डॉकिन्स यांचे 'द ब्लाइंड वॉचमेकर' हे १९८६ सालचे पुस्तक याच प्रश्नाला वाहिलेले आहे. ते अनेक शिक्षकांच्या वाचनात आलेले असते आणि त्यातली उदाहरणे वर्गात सर्रास वापरली जातात. म्हणूनच त्याची एकदा बारकाईने तपासणी करणे उपयोगाचे आहे.

नावातला घड्याळजी विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाचा. १८०२ साली लिहिलेल्या ग्रंथात पेली म्हणतो : माळावर चालताना पायाला दगड लागला तर तो कुठून आला हे आपण विचारत नाही, पण घड्याळ सापडले तर ते कोणीतरी घडवले असलेच पाहिजे असे आपण मानतो. मग घड्याळाहून कितीतरी पटींनी गुंतागुंतीचा असलेला डोळा कोणी घडवल्यावाचून कसा असेल? डॉकिन्स पेलीची टर उडवत नाहीत, हा या पुस्तकाचा मोठा गुण. पेलीला प्रश्न अचूक सापडला होता, उत्तर मात्र चुकले, असे ते मानतात. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने पेलीच्याही आधी या युक्तिवादातली भोके दाखवली होती. पण दुसरे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. ते १८५९ साली डार्विनने दिले. वटवाघूळ ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंधारात कसे उडते हे सांगणारे दुसरे प्रकरण तर पेलीलाही आवडले असते.

पुस्तकाचा कणा मात्र तिसऱ्या प्रकरणात आहे. माकड टंकलेखन यंत्र बडवत बसले तर शेक्सपिअरचे एक वाक्य त्याच्या हातून कधी उमटेल? डॉकिन्स यांनी 'हॅम्लेट'मधले २८ चिन्हांचे (मोकळ्या जागा धरून) वाक्य घेतले. इंग्रजीची २६ अक्षरे आणि मोकळी जागा अशी २७ चिन्हे. एका फटक्यात बरोबर वाक्य येण्याची शक्यता २७ च्या २८ व्या घातात एक, म्हणजे १ वर ४० शून्ये एवढ्या प्रयत्नांत सुमारे एकदा. विश्वाचे वय त्याला पुरणार नाही. पण नियम थोडा बदलू. वाक्याच्या अनेक नकला काढायच्या, प्रत्येक नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकू द्यायचे, आणि मूळ वाक्याशी सर्वांत जवळची नक्कल पुढच्या पिढीची आई म्हणून ठेवायची. डॉकिन्स यांच्या संगणकाने पहिल्या खेपेस ४३ पिढ्यांत वाक्य जुळवले. एका उडीची निवड आणि साठत जाणारी निवड यांतला हा फरक ज्याला कळला त्याला निम्मी उत्क्रांती कळली, असे मला वाटते.

वर्गात संगणक लागत नाही. दहा फासे पुरतात. दहाही फाशांवर एकदम सहा पडण्याची शक्यता ६,०४,६६,१७६ मध्ये एक. दर दहा सेकंदांना एक फेक या वेगाने रात्रंदिवस फेकत बसले तर एवढ्या फेकींना १९ वर्षे लागतील. आता पडलेला प्रत्येक सहा बाजूला ठेवा आणि उरलेलेच फासे पुन्हा फेका. सरासरी सोळा-सतरा फेकींत काम होते. तास संपायच्या आत मुले दोन-तीनदा करून पाहतात आणि खूश होतात.

मी हा प्रयोग पुष्कळदा केला. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला : "पण सहाच ठेवायचे हे कोणी ठरवलं?"

प्रश्न नेमका वर्मावर बसतो. फाशांच्या खेळात सहा हवेत हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. वाक्याच्या खेळात अंतिम वाक्य संगणकाला आधीच सांगितलेले आहे. म्हणजे रचनाकार नको हे दाखवण्यासाठी जे उदाहरण दिले, त्यात रचनाकार मागच्या दाराने येऊन बसला! डॉकिन्स यांना हे कळत नव्हते असे नाही. उत्क्रांतीपुढे असे दूरचे लक्ष्य नसते, हे उदाहरण त्या बाबतीत फसवे आहे, असे ते लगेच कबूल करतात. पण उदाहरण लक्षात राहते आणि कबुली विसरली जाते. पुढची 'बायोमॉर्फ' नावाची संगणकी चित्रे याहून बरी, कारण तिथे अंतिम आकृती ठरलेली नाही. तरी निवडणारा डोळा तिथेही माणसाचाच आहे.

दुसरा दोष मांडणीचा. 'यादृच्छिक' या शब्दाचा जीवशास्त्रात नेमका अर्थ काय, हे पुस्तकाच्या शेवटच्या म्हणजे अकराव्या प्रकरणात येते. उत्परिवर्तनाला कारण नसते असे नव्हे. किरणोत्सर्ग, रसायने, नक्कल करताना होणाऱ्या चुका ही कारणे आहेतच. सगळी उत्परिवर्तने सारख्याच वेळा होतात असेही नव्हे. अर्थ एवढाच की जिवाला ज्या बदलाची गरज आहे तो बदल गरजेपोटी जास्त वेळा घडत नाही. हे वाक्य पहिल्या पानावर हवे होते. ते उशिरा आल्यामुळे 'उत्क्रांती म्हणजे निव्वळ योगायोग' हा गैरसमज घेऊनच पुष्कळ वाचक पुस्तक मिटत असतील.

आणि ही गोष्ट नुसती मानायची नाही, ती तपासता येते. मला वाटते, सोबत १९४३ सालचा साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्र्युक यांचा प्रयोग शिकवला नाही तर हे पुस्तक अर्धे राहते. विषाणूंनी मारल्या जाणाऱ्या जीवाणूंमध्ये काही मोजके जीवाणू वाचतात. ही प्रतिकारशक्ती विषाणूशी गाठ पडल्यावर, गरज म्हणून येते, की गाठ पडण्याआधीच कुठेतरी आपसूक झालेली असते? लुरियाला युक्ती सुचली ती विद्यापीठातल्या एका नृत्याच्या कार्यक्रमात, नाणी टाकून खेळायच्या जुगारयंत्राशी खेळणारा सहकारी पाहताना. ते यंत्र बहुतेक वेळा काहीच देत नाही आणि क्वचित एकदम नाण्यांचा ढीग ओतते.

अनेक नळ्यांत थोडे थोडे जीवाणू वेगवेगळे वाढवायचे, मग प्रत्येक नळी विषाणू पसरलेल्या बशीत ओतायची आणि वाचलेल्यांच्या वसाहती मोजायच्या. शक्ती गरजेपोटी येत असेल तर सर्व बश्यांत आकडे जवळपास सारखे यावेत. आधीच, केव्हाही होत असेल तर ज्या नळीत ती लवकर झाली तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाढून मोठा आकडा दिसेल आणि बाकी बश्या रित्या राहतील. त्यांच्या एका प्रयोगात २० नळ्या होत्या. ११ मध्ये शून्य. एकीत १०७, एकीत ६४, एकीत ३५. बाकीच्यांत एक ते सहा. सरासरी ११ च्या थोडी वर. गरजेचा सिद्धांत खरा असता तर एवढ्या सरासरीला एखादी बशी रिती राहण्याची शक्यता सुमारे ८५,००० मध्ये एक होती. इथे निम्म्याहून जास्त रित्या! हे आकडे फळ्यावर लिहून मुलांनाच सरासरी काढायला सांगावे. १९६९ चे नोबेल पारितोषिक या दोघांना आल्फ्रेड हर्शी यांच्याबरोबर मिळाले.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुस्तकाच्या अमेरिकी आवृत्तीचे उपशीर्षक सांगते की उत्क्रांतीच्या पुराव्यातून रचनाकाराविना असलेले विश्व उघड होते. विश्व! पुस्तकात पुरावा आहे तो सजीवांचा. डोळा घड्याळजीवाचून होतो हे दाखवले म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा नियम तसाच का, याचे उत्तर मिळाले असे होत नाही. जीवशास्त्राच्या शिक्षकाने या उडीपासून दूर राहावे.

ही उडी उलट्या दिशेनेही मारली जाते. निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००३ साली असे मांडले की, पुढे प्रगत समाज माणसांसकट जगाच्या संगणकी प्रतिकृती मोठ्या संख्येने चालवणार असतील, तर आपणही अशाच एखाद्या प्रतिकृतीत असण्याची शक्यता फार मोठी ठरते. त्यांच्या लेखातला 'जर' महत्त्वाचा आहे. असे समाज त्या टप्प्यावर पोहोचतच नसतील किंवा त्यांना यात रसच नसेल, हे दोन पर्यायही त्यांनी शेजारीच ठेवले आहेत. वर्तमानपत्रांत पोहोचेपर्यंत ते दोन्ही गळतात. नववी-दहावीच्या मुलांना ही कल्पना फार आवडते. त्यांना एकच विचारावे : लुरियाच्या नळ्यांसारखे इथे काय मोजायचे? २०१२ साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी एक सूचना केली : जग चौकटींच्या जाळीवर चालवले जात असेल तर अतिउच्च ऊर्जेच्या विश्वकिरणांच्या दिशांवर त्या जाळीचा ठसा दिसावा. कल्पना चांगली, पण ठसा न दिसला तर? जाळी अधिक बारीक आहे एवढे म्हणून प्रतिकृतीवाला सुटतो. जीवाणूंच्या प्रश्नात अशी पळवाट नव्हती.

फाशांचा खेळ मी आता एकटा ठेवत नाही. रंगीत कागदांचे पंचिंग यंत्राने गोल पाडतो, प्रत्येक रंगाचे वीस, आणि ते फुलाफुलांच्या कापडावर विखरतो. मुलांनी 'पक्षी' होऊन दिसेल तो गोल झटकन उचलायचा. उरलेल्या प्रत्येक गोलाला त्याच रंगाचे एक पिल्लू द्यायचे. तीन-चार फेऱ्यांत काही रंग जवळपास नाहीसे होतात. कोणता रंग टिकवायचा हे कोणीही ठरवलेले नसते. मग कापड बदलायचे. रंग मात्र आपणच पुरवलेले असतात, हे मुलांना सांगून टाकावे. नवे रंग कसे येतात हे नळ्यांच्या गोष्टीत आहे.

पुस्तक हाती आले तर दुसरे प्रकरण आधी वाचावे, मग अकरावे आणि त्यानंतर तिसरे.