तीन चाव्यांची रचना

बुलढाणा जिल्ह्यात पोहणे शिकायचे ते विहिरीत. सूर मारायचा, दम संपला की पाय झाडायचे. वर आकाश असतेच. मालवण-तारकर्लीच्या उथळ समुद्रात पर्यटकाला एकच सिलिंडर पुरतो, तो याच भरवशावर. पाण्याने भरलेल्या गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या पोटात मात्र डोक्यावर छत असते. पाणबुड्याच्या पाठीवरच्या जोडसिलिंडरची रचना वाचायची ती हे छत ध्यानात ठेवून.

१९४३ साली फ्रान्सच्या जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचा ॲक्वालंग हा संच घडवला, तेव्हा पाठीवर एकत्र जोडलेले तीन सिलिंडर होते. तिथे हेतू हवा वाढवण्याचा होता. आजचा जोडसंच त्यापुढे जाऊन विचारतो: हवा आहे, पण तिच्यापर्यंतची वाट बंद पडली तर?

दोन सुटे सिलिंडर आणि प्रत्येकाला आपला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारा भाग, हे सर्वांत सरळ उत्तर. एकातला बिघाड दुसऱ्यात जात नाही. पण एका रेग्युलेटरने दगा दिला की त्यामागची सगळी हवा मुकी होते. मॅनिफोल्ड नावाच्या आडव्या जोडनळीने हा दोष दूर केला. दोन्ही सिलिंडर जोडले गेले, दोन टोकांना दोन रेग्युलेटर आले. एक बिघडला तर त्याची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, बंद करायची. दोन्हीकडची हवा दुसऱ्यातून मिळत राहते. आणि गळती खुद्द सिलिंडरच्या मानेशीच असेल तर? त्यासाठी मधली तिसरी चावी, आयसोलेटर. ती फिरवली की निम्मी हवा वाचते. एरवी एकत्र आणि संकटात विभक्त, असे दोन्ही गुण या लहानशा चावीने एका रचनेत सामावले आहेत.

बारकावा तर पुढेच आहे. पुढे सरकताना छताला घासून डावी चावी बंद होऊ शकते, उजवी मात्र उघडण्याच्याच दिशेने फिरते. म्हणून तोंडातला, गरज पडल्यास सोबत्याला द्यायचा लांब नळीचा रेग्युलेटर उजवीकडे जोडतात.

आकडेही वाचण्यासारखे आहेत. १२ लिटरचे दोन सिलिंडर २०० बारपर्यंत भरले की ४,८०० लिटर हवा होते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस ३० मीटरवर, चौपट दाबामुळे, ८० लिटर घेतो. म्हणजे तासभराची सोय. गुहेत मात्र एक तृतीयांश जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव. तासातली २०च मिनिटे पुढे जाण्याची! राखीव भाग आपल्याइतकाच सोबत्यासाठीही असतो. या हिशेबात मला मोठी माणुसकी दिसते.

अरुंद गुहेसाठी सिलिंडर कुशीला बांधण्याची साइडमाउंट पद्धत आहे. तिथे चाव्या डोळ्यांसमोर येतात. बदल्यात रेग्युलेटर आलटूनपालटून वापरून दोन्हीकडची हवा समान राखावी लागते.

दोन्ही रचना मला आवडतात, पण आयसोलेटरच्या संचाची बांधणी अधिक सखोल वाटते. तिचे सगळे मोल मात्र पाठीमागे पोचणाऱ्या हातावर अवलंबून आहे. ज्याचा खांदा तेवढा वळत नाही, त्याने निःशंकपणे साइडमाउंट घ्यावा. लिटर नंतर मोजावेत. आधी डोळे मिटून तिन्ही चाव्या स्वतःच्या हाताने फिरवून पाहाव्यात.