मुद्रा : शब्द एक, परंपरा तीन

नृत्यातील हस्त, हठयोगातील मुद्रा आणि बुद्धमूर्तीचे हात ही एकाच विद्येची तीन अंगे होत, असे हल्ली सर्रास लिहिले जाते. हे मत तपासून घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम शब्द पाहू. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात 'मुद्दा' हा शब्द गणना व संख्यान यांच्या पंक्तीत, भिक्खूंनी उपजीविकेसाठी वर्ज्य करावयाच्या विद्यांमध्ये येतो. तेथे त्याचा अर्थ बोटांवरील मोजणी असा घेतला जातो. हठयोगप्रदीपिकेतील १० मुद्रांपैकी खेचरी जिभेची आहे, उड्डियान पोटाचे. बोटांच्या जुळणीला तेथे स्थान नाही. नाट्यशास्त्र आपल्या २४ असंयुत व १३ संयुत प्रकारांना 'हस्त' म्हणते. नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणात हंसास्य हा एकच हस्त मंगळसूत्र बांधणे, मोती, जलबिंदू आणि उपदेशही दर्शवितो. त्यांपैकी अर्थ कोणता, हे प्रसंग ठरवितो.

बुद्धमूर्तीत मात्र हातच प्रसंग ठरवितो. भूमीस स्पर्श करणारा उजवा हात मारविजय सांगतो. छातीपाशी जुळलेले दोन्ही हात धम्मचक्रप्रवर्तन सांगतात.

मावळातील लेणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. इसवी सनापूर्वीच्या भाजे लेण्यांत नृत्य करणारी स्त्री कोरलेली आहे. चैत्यगृहात मात्र पूजेसाठी केवळ स्तूप आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर मिथुनशिल्पांच्या सान्निध्यात उपदेश करणारे तथागत कोरले गेले, ते चैत्यगृहानंतर काही शतकांनी. शिल्पी आणि नर्तक यांना हातांची भाषा समान परिचयाची असेल. परंतु मूर्तीने त्या हाताचे इतर अर्थ सोडून उपदेश तेवढा ठेवला.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेथून पिंपरी-चिंचवड, चाकणपर्यंतच्या कारखानी वस्त्यांत आज विहारांतून व कामगारांच्या घरांतून बुद्धमूर्ती आहेत. अशा मूर्तीच्या चित्राखाली 'ही मुद्रा केल्याने अमुक व्याधी जाते' असे छापले, तर मूर्तीचा ताईत होतो आणि तिच्या हाताने सांगितलेला प्रसंग पुसला जातो. योगाभ्यासास आमचा विरोध नाही. नृत्यकलेविषयी आदरच आहे. विहाराच्या चालकांनी मूर्ती घेताना तिचा हात काय सांगतो हे जाणून घ्यावे, आणि रविवारच्या धम्मवर्गात मुलांना तो प्रसंग समजावून सांगावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.