सर्वांसाठी खुलं, म्हणजे कुणासाठी?

मुंबईत लेस्बियन, गे, क्वीअर लोकांच्या डिस्को-रात्री होतात. जाहिरातीत एक शब्द हमखास असतो, सर्वसमावेशक. शब्द चांगलाय. पण मी उरणची बाई. मी आधी विचारते, परत यायचं कसं? रात्री दोनला मोऱ्याची लाँच नसते. लोकल जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत आली, पण डिस्को सुटतो त्या वेळेला तीही नाही. त्याच महिन्यात अटल सेतू झाला. त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. म्हंजे मोटार असेल त्यालाच सर्व समाविष्ट. वर दारावरचे पैसे, इंग्रजी, आणि कपडे बघून माणूस जोखणारा पहारेकरी.

हे ऐकून आपली पोरं लगेच म्हणतात, बघा, श्रीमंतांची थेरं! थांबा. माझं भांडण तुमच्याशीही आहे.

डिस्को श्रीमंतांनी काढला नाही. अमेरिकेत काळे, लॅटिनो आणि समलिंगी लोक ज्या तळघरांत, गोदामांत नाचले तिथं तो वाढला. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांची पेटी सुरुंगानं उडवली. त्या दिवशी तिथं कामाला असलेल्या एका काळ्या पोरानं पुढं सांगितलं, लोक डिस्को नसलेल्या काळ्या गायकांच्या तबकड्याही घेऊन आले होते. चीड नुसत्या गाण्याची नव्हती हे कळायला आपल्याला भाष्यकार लागत नाही. आणि ब्लॅक पँथरचा ह्युई न्यूटन १५ ऑगस्ट १९७० लाच साथीदारांना सांगून चुकला होता की समलिंगी मुक्तीवाल्यांशी हात मिळवा, त्यांच्यावरच्या शिव्या तोंडातून काढा. १९७२ ला आपण पँथर हे नाव घेतलं. हे भाषण घेतलं नाही.

आता आपल्या राज्याचा न्याय बघा. २००५ साली सरकारनं डान्सबार बंद केले. पनवेलच्या पट्ट्यात तर ओळीनं बार होते. कायद्यात मेख अशी की तीन तारे आणि वरच्या हॉटेलांना सूट, सभासदांच्या जिमखान्यांना सूट. तोच नाच, वरच्या मजल्यावर संस्कृती आणि हायवेला अश्लील! २००६ ला हायकोर्टानं ही बंदी उडवली, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं. तोवर बायका देशोधडीला लागल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी बेडिया, नट अशा, नाच हाच धंदा म्हणून जातीनं लादलेल्या घरांतल्या. समीना दलवाईंनी ह्या बंदीतली जात पुस्तक लिहून दाखवली आहे.

आज तारांकित हॉटेलात क्वीअर रात्री रंगतात. ललित हॉटेलच्या किटी सू क्लबात ड्रॅगचे खेळ होतात. त्याच घरचे केशव सुरी ३७७ विरुद्ध कोर्टात गेले होते. ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल उरणच्या पोरीचाही आहे, ते श्रेय मी खोडणार नाही. पण ह्या रात्री बारबालेला बहीण मानत नाहीत. आणि बायका तिथं थोड्याच. बायकांचा बायकांवर जीव असतो हे सांगायला मुंबईत १९९५ ला स्त्री संगम निघालं, आजचं लेबिया, ते काही हॉटेलच्या जिवावर नव्हे.

आपण काय केलं? आंबेडकरी जलशानं नाचणारी बाई बाजूला ठेवली. तेव्हा ते बरोबर होतं. तो नाच तिच्या मर्जीचा नव्हता. पण आज १४ एप्रिलला डीजेपुढं रात्रभर नाचतो कोण? तुम्ही. पोरी मागं, रस्सीच्या आत, दहाला घरी. दोघी हातात हात घालून नाचल्या तर मैत्रिणी म्हणता. त्यातली एक लग्नाला नाही म्हणाली की मंडळाची बैठक बसवता, समजूत घालायला चार पुरुष जातात.

म्हणून जयंतीच्या बैठकीत मी एकच मागणी ठेवणार आहे. समाजमंदिर एका संध्याकाळी पोरींच्या नाचाला द्या. दुपारी चार ते आठ. पावती नाही, पहारेकरी नाही. किल्ली बायकांकडं. स्पीकर मंडळाचेच आहेत, एरवी वर्षभर कपाटात धूळ खातात.