'वो': उच्चाराने सोडलेले, व्याकरणाने राखलेले अक्षर

लेखन म्हणजे उच्चाराचे अनुलेखन, हे गृहीतक आधुनिक भाषाविचारात खोलवर रुजलेले आहे. सोस्यूरने लेखनाला दुय्यम मानले; देरिदाने १९६७ साली या उतरंडीचीच चिकित्सा केली. ही चर्चा बहुधा तत्त्वाच्या पातळीवरच राहते. एखाद्या अक्षराचा इतिहास तिला अधिक नेमकेपणा देऊ शकतो. जपानी काना लिपीतील 'वो' हे असे अक्षर आहे.

चिनी अक्षरे अर्थ बाजूला ठेवून केवळ ध्वनीसाठी योजण्याच्या प्रथेतून काना लिपी घडल्या. हिरागानातील 'वो' हा 'दूर' या अर्थाच्या अक्षराच्या शीघ्रलिखित रूपातून आला. काताकानातील 'वो' चिनी वाक्याच्या अखेरीस येणाऱ्या एका प्रश्नार्थक-उद्गारवाचक अव्ययाच्या अक्षरातून. त्या काळी 'वो' आणि 'ओ' हे उच्चार भिन्न होते. अकराव्या शतकाच्या सुमारास ते एकरूप झाले आणि कोठे कोणते अक्षर लिहावे, हा विद्वानांचा प्रश्न बनला. फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) याने उच्च स्वराघातासाठी 'वो' आणि नीच स्वराघातासाठी 'ओ' अशी वाटणी केली. केइचूने १६९५ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात प्राचीन संहितांचा आधार घेतला. संस्कृत वर्णक्रमावर बेतलेल्या जपानी वर्णपटात या दोन अक्षरांच्या जागांची अदलाबदल झाली होती. मोतोओरी नोरिनागाने १७७६ साली ती दुरुस्त केली.

अक्षराइतकाच निपातही लक्षणीय आहे. प्राचीन जपानीत 'वो' उद्गारवाचक म्हणूनही येई आणि कर्म पुष्कळदा चिन्हाविनाच राही. आजही 'कर्माचे चिन्ह' एवढे वर्णन अपुरे ठरते. पुस्तक वाचणे, रस्त्याने चालणे, घरातून निघणे या तिन्ही रचनांत मराठी वेगवेगळी रूपे योजते. जपानीत तिन्ही ठिकाणी 'वो' येतो. चिनी संहिता जपानीत वाचताना अक्षरांच्या कडेला ठिपके देत. एका प्रसिद्ध पद्धतीत चार कोपऱ्यांचे वाचन 'ते-नि-वो-हा' असे होई. निपातांना पुढे हेच नाव मिळाले. म्हणजे येथे 'वो' हा ठिपक्याच्या जागेवरून, डोळ्यांनीच ओळखला जात होता.

१९४६ साली जपानी शासनाने उच्चारानुसारी कानालेखन स्वीकारले. इतरत्र 'वो'च्या जागी 'ओ' आला. निपात मात्र 'वो'च राहिला. 'हा' आणि 'हे' हे निपातही जुन्या रूपातच लिहावेत, असा सर्वसाधारण नियम झाला. १९८६ च्या सुधारणेनेही हे अपवाद कायम ठेवले. फुकुदा त्सुनेआरी यांनी १९६० साली या सुधारणेवर टीका करताना तिच्यातील विसंगतीवर बोट ठेवले. विसंगती आहेच; परंतु तिच्यावरून सुधारणा फसली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जपानी लेखनात दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रूढी नाही. अशा सलग ओळीत निपातापुरते उरलेले अक्षर दिसताच नामाची सीमा कळते. ध्वनी गेला, तरी भेद दाखवण्याचे कार्य उरले. उच्चाराचे तत्त्व स्वीकारणाऱ्यांनाच हा अपवाद करावा लागला, यात लेखनाच्या स्वायत्ततेची कबुली आहे.

मराठीने १९६२ च्या नियमांत याउलट निर्णय घेतला. अनुच्चारित अनुस्वार गेले आणि नपुंसकलिंगी एकवचनी 'तें' व पुल्लिंगी अनेकवचनी 'ते' लेखनात एक झाले. संदर्भाने आपले निभावते, हे खरे. लेखन सुलभ झाले, हेही खरे. मात्र अनुस्वार उच्चारला जात नाही, म्हणून तो निरर्थक, हा युक्तिवाद 'वो'च्या उदाहरणापुढे टिकत नाही. शुद्धलेखनाचा वाद आपण 'उच्चार की व्युत्पत्ती' या द्वंद्वात मांडत आलो. वाचकाच्या डोळ्याला व्याकरण दिसते का, हा तिसरा प्रश्न त्या वादात विचारला जायला हवा.