यादवाडचे शिल्प : मूल कोणाचे?

धारवाडजवळच्या यादवाडचे शिल्प परत पाहून आलो. वर घोडेस्वार शिवराय, खाली त्यांच्या मांडीवर मूल. बेलवडीच्या मल्लम्मा देसाईणीने हे कोरवून घेतले, अशी परंपरा. (आपल्याकडे ती सावित्रीबाई.) कोरीवकाम साधेच, पण बोलके. माझी तक्रार आपल्या वाचनाबद्दल आहे. इथे आपण महाराजांचे औदार्य तेवढे वाचतो. मूल जिचे, तिची लढाई दोन ओळींत उरकतो. राजापूरच्या इंग्रजांचे फेब्रुवारी १६७८ चे पत्र बघा. इतकी राज्ये जिंकणाऱ्याला एक देसाईण आवरत नाही, असा त्यांचा सूर. परक्यांची कुचेष्टा म्हणा हवं तर, पण त्यात ती गढी लढवताना दिसते तरी! आणि क्षमा मोठी वाटायची, तर आधी झुंज कळायला नको का? पुढच्या सहलीत आधी बेलवडी, मग यादवाड.